दिनानाथकाकांचे तीन ब्राउझर

बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रिचार्ज, पासपोर्ट साइज फोटो, ऑनलाइनची कामं, सगळं एकाच खोलीत. दिनानाथकाका तिथे पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, हे पत्ता चुकले. काखेत लॅपटॉपची पिशवी, हातात पांढरी काठी. रिक्षावाल्यानं त्यांना माझं नाव सांगून ठेवलेलं असावं. पायरीवरूनच म्हणाले, "पूनमताई, आत बसायला जागा आहे का? वाडीत आज रेंज नाही आणि मला काम पाठवायचंय."

मी स्टूल दिलं. त्यांनी कानात वायर घातली, लॅपटॉप उघडला, पडद्याचा उजेड पार कमी केला. "मला काय करायचाय उजेड, बॅटरी वाचते," म्हणाले. आणि टाइप करायला लागले. माझ्या दुकानात आजवर इतक्या वेगानं कुणी टाइप केलेलं नाही. गिऱ्हाइकं आपली कामं विसरून बघत राहिली.

त्याला आता सहा-सात वर्षं झाली. तेव्हापासून वाडीतली रेंज गेली की काका माझ्याकडे यायचे.

काकांची दृष्टी पाचवीत असताना तापात गेली. वडील भागोजी, भातशेती करणारा साधा माणूस, त्यांना घेऊन मुंबईच्या दवाखान्यांत फिरला. डोळे परत आले नाहीत, पण तिथेच अंधांच्या शाळेचा पत्ता मिळाला आणि पोराला शाळेत ठेवून भागोजी एकटा बोटीनं परत आला. काका ब्रेल शिकले, मॅट्रिक झाले आणि फोर्टमधल्या एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर लागले. शेकडो माणसांचे आवाज त्यांना पाठ होते. मग हळूहळू सगळ्यांच्या खिशात फोन आले, कचेरीनं टेलिफोनचा बोर्ड काढून टाकला आणि काका काशीकाकींना घेऊन गावी आले. काही वर्षं त्यांनी खुर्च्यांना वेत विणला. दिवेआगरच्या घरगुती खाणावळींत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, तेही काम आटलं.

नंतर पनवेलला एका संस्थेचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं वाचणारा एक प्रोग्राम असतो, तो त्यांना तिथे मिळाला. काका त्याला 'वाचक' म्हणायचे. यंत्राचा आवाज, तोही इतका भरभर की मला एक शब्द कळायचा नाही. काकांना सगळं कळायचं. पुण्यातल्या एका कंपनीनं त्यांना काम दिलं. व्याख्यानं, बैठका, मुलाखती यांची ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि मराठीत टाइप करून कंपनीच्या साइटवर टाकायची.

एकदा मी त्यांना विचारलं, "काका, या सगळ्यात तुम्हाला काय जास्त आवडतं?"

ते म्हणाले, "पूनम, पूर्वी मला पत्र आलं की मी आधी वाचणारा शोधायचो. माझ्या पत्रात काय आहे ते अख्ख्या वाडीला माहीत, आणि सगळ्यांत शेवटी मला. आता मी सकाळी उठून पेपर वाचतो. माझा मी. काशीला बातम्या मी सांगतो."

गेल्या दिवाळीनंतर त्यांना कंपनीचा निरोप आला. कामाची साइट बदलणार, नव्या साइटवर एआय असेल, जुने ब्राउझर चालणार नाहीत. काका लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. चेहरा नेहमीसारखाच होता, आवाज मात्र थोडा वर लागला होता.

"माझा ब्राउझर जुना आहे म्हणे. त्यात साइट उघडली की पांढरं पान येतं आणि वाचक गप्प बसतो. बघ बरं, काय लिहिलंय तिथे?"

मी बघितलं. पानाच्या मधोमध एका चित्रात लिहिलेलं होतं, 'कृपया ब्राउझर अद्ययावत करा.' अक्षरं चित्रात होती म्हणून वाचकाला ती दिसत नव्हती. म्हणजे ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ती सूचना नव्हतीच.

"नवी आवृत्ती टाकू का?" मी विचारलं.

"टाक. पण एवढं लक्षात ठेव, या ब्राउझरची मला घराच्या उंबऱ्यासारखी सवय आहे. बी दाबलं की बटण येतं, एच दाबलं की मथळा. कुठे पाय उचलायचा ते बोटांना माहीत आहे."

नवी आवृत्ती टाकली. साइट उघडली. पण आता पडद्याच्या उजव्या बाजूला एक उभी पट्टी आपोआप उघडायला लागली. 'आज मी तुम्हाला काय मदत करू?' असं तीत लिहिलेलं. मला ती दिसत होती, म्हणून मी तिच्याकडे दुर्लक्ष करू शकत होते. काकांचा कर्सर मात्र दर वेळी उडी मारून त्या पट्टीत जाऊन बसायचा.

त्या दिवशी त्यांच्याकडे भातशेतीवरचं एक व्याख्यान होतं. काका ऐकत टाइप करत होते, 'भातावर करपा पडला तर काय करावे.' ते वाक्य साइटवर गेलंच नाही, पट्टीत गेलं. पट्टीनं लगेच करप्याची लक्षणं, फवारणी, पाण्याचा निचरा असं उत्तर लिहायला सुरुवात केली आणि वाचक ते धडाधड वाचायला लागला. काकांच्या एका कानात व्याख्याते बोलतायत, दुसऱ्यात हे. त्यांनी दोन्ही वायरी काढल्या आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"कोण बोलतंय हे, पूनम?"

"एआय आहे काका. तुम्ही त्यालाच विचारलंत असं वाटलं त्याला."

"मी कुणाला काही विचारलं नाही ग."

मी सेटिंगमध्ये जाऊन ती पट्टी बंद केली. आठवडाभरानं ब्राउझरनं स्वतःहून आणखी एक नवी आवृत्ती घेतली आणि पट्टी परत आली. पुन्हा बंद केली. पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला बंद करायची जागाच बदलली होती, मला ती सापडेना.

मग आम्ही दुसरा ब्राउझर घातला. त्यात पट्टी-बिट्टी काही नव्हतं. काका खूश झाले. पण त्यात कंपनीची साइट अर्धीच चालायची. ध्वनिमुद्रण ऐकू यायचं, पण ज्या चौकटीत टाइप करायचं त्या चौकटीत वाचक मुका व्हायचा. आपण काय टाइप केलं, कुठला शब्द राहिला, काहीच कळेना.

"अंधारात भिंतीवर लिहिल्यासारखं झालं हे," काका म्हणाले आणि स्वतःच हसले. "माझ्या तोंडी अंधार शोभत नाही म्हणा."

त्यांनी कंपनीत फोन लावला. तिथे गणराज नावाचा मुलगा काम वाटून द्यायचा, काकांशी नेहमी आदरानं बोलायचा. तो म्हणाला, "काका, आमच्या ऑफिसात सगळे तो नवा एआयवाला ब्राउझर वापरतात. त्यात साइट एकदम मस्त चालते. शिवाय तो बोलतो. तुम्हाला तर बरंच पडेल."

असा तिसरा ब्राउझर आला. काकांनी त्याचं नाव 'बोलका' ठेवलं.

खरं सांगायचं तर बोलक्यानं आम्हा दोघांनाही भुरळ घातली. त्याचा आवाज माणसासारखा, मराठी गोड. पान उघडलं की विचारायचा, "काका, या पानावर काय आहे ते सांगू का?" त्यांनी त्याला काका म्हणायला शिकवलं होतं. जिथे वाचक नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणायचा, तिथे हा सांगायचा की हे जमा करायचं बटण, हे रद्द करायचं. चित्रात काय आहे तेसुद्धा सांगायचा. एक दिवस काकांनी त्याला साइटवरचा स्वतःचा फोटो दाखवला. तो म्हणाला, "फोटोमध्ये निळा शर्ट घातलेले एक गृहस्थ आहेत. ते हसत आहेत."

काकी त्या दिवशी बाजारात आल्या होत्या, माझ्याकडे टेकल्या होत्या. काकांनी त्यांना विचारलं, "काशी, माझ्याकडं निळा शर्ट हाय?"

"हाय की. लग्नाला घातलात न्हाय का पुतण्याच्या."

"आणि मी फोटोत हसतो?"

काकी पुढे वाकून पडद्याकडे बघत राहिल्या. "हसताय व्हय. घरात काय कधी असं हसत न्हाय."

काका कितीतरी वेळ तो फोटो उघडा ठेवून बसले होते. उघडा काय नि बंद काय, पण ठेवला होता.

त्यानंतर काका दुकानात आले नाहीत. वाडीत नवा टॉवर लागला होता, रेंज मिळत होती, काम घरूनच होत होतं. मला वाटलं, सुटला प्रश्न. वाटेत भेटले तर म्हणायचे, "झकास चाललंय. काम संपलं की त्याला विचारतो, जमा झालं का रे? तो म्हणतो, हो काका, यशस्वीरीत्या जमा झालं. की मी मोकळा."

जानेवारीत एका दुपारी रिक्षा दुकानासमोर थांबली आणि काका घाईघाईनं उतरले. पायरीला अडखळले. मी धावत जाऊन हात धरला.

"गणराजचा फोन आला होता. माझं एकही काम त्यांच्याकडं पोचलेलं नाही. हा बोलका आल्यापासून एकही नाही. तो म्हणतो, काका, तुम्ही आजारी होतात का?"

मी लॅपटॉप उघडला. त्यांच्या आदल्या दिवशीच्या कामाचं पान तसंच होतं. टाइप केलेलं सगळं होतं, सुरेख होतं. पण त्याच्यावर एक चौकट येऊन बसली होती. नऊ लहान लहान फोटो, आणि वर एक ओळ. 'आपण यंत्र नसून माणूस आहात याची खात्री करा. ज्या चित्रांत बस आहे ती निवडा.' ते निवडल्याशिवाय काम पुढे जात नव्हतं. वाचक ती चौकट वाचत नव्हता. आणि बोलका?

काकांनी माझ्यासमोरच त्याला विचारलं, "माझं काम जमा झालं का?"

"हो काका, तुमचं काम यशस्वीरीत्या जमा झालं आहे. आणखी काही मदत करू का?"

चौकट माझ्या डोळ्यांसमोर होती. मी काकांना ती वाचून दाखवली. ते मान खाली घालून ऐकत होते.

"म्हणजे मी माणूस आहे की नाही ते विचारतायत."

"हो काका."

"आणि हा यंत्र असून सांगतो की झालं." त्यांनी मान वर केली. "पूनम, तू बघून घेतेस. तुला कुणी खोटं सांगितलं तर तू डोळ्यांनी बघून घेतेस. मी काय करायचं? मी तर जो बोलेल त्याच्यावरच विश्वास ठेवणार ना."

मी बसची चित्रं निवडायला माउस धरला. त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "त्या फोटोत शर्ट निळाच आहे ना?"

"निळाच आहे काका. काकींनीपण सांगितलं होतं की."

"ती सांगेल ग. ती मला बरं वाटावं म्हणून सांगेल."

मी फोटो उघडून पुन्हा बघितला आणि शपथेवर सांगितलं की निळा आहे आणि तुम्ही हसताय. त्यांचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे.

त्या दिवशी मी चित्रं निवडून दिली आणि एक काम पोचलं. बाकीच्या कामांची मुदत संपली होती, ती दुसऱ्यांना दिली गेली होती. आम्ही कंपनीला तक्रार पाठवली. मी लिहिलं, काकांनी सांगितलं. उत्तर लगेच आलं. इतक्या लगेच की हे माणसानं लिहिलेलं नाही, असा मला तेव्हाच संशय आला. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया ब्राउझरची नवीन आवृत्ती वापरून पाहा.' पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. मग गणराजला फोन केला. तो बिचारा कळवळून बोलत होता.

"काका, साइट बाहेरच्या लोकांनी बनवलीय. मी वर कळवलंय. पण तोवर घरात कुणाला तरी शेजारी बसवा ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचंच आहे बाबा," काका म्हणाले, "पण दुसऱ्याच्या डोळ्यांचं आहे."

घरात दुसरं कोण, काशीकाकी. ते दिवस वालाचे होते. भात काढलेल्या खाचरांत वाल पेरलेला, शेंगा भरत आलेल्या, वानरांच्या टोळ्या फिरत होत्या, आणि काकी दिवसभर शेतात. काकांचं काम संपलं की ते अंगणात उभं राहून हाक मारायचे. काकी मातीचे पाय घेऊन यायच्या, पदराला हात पुसायच्या आणि पडद्यासमोर बसायच्या. काकी दुसरीपर्यंत शिकलेल्या. वरची ओळ त्या एकेक अक्षर जोडून वाचायच्या आणि तोवर ती चौकट वेळ संपला म्हणून नवी चित्रं आणायची.

हे सगळं मला काकींनी सांगितलं. बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन, खुर्चीवर बसून.

"बोट निवडा म्हनतंय. आता पोरी, तितं येक पडाव हाय, येक होडी हाय, येक ती मांडव्याला जाती तसली मोठी हाय. बोट कंची म्हनायची? मी मोठी दाबली. न्हाय म्हनलं. मंग समदी दाबली. तरी न्हाय. मंग हे चिडलं माज्यावर. लगीन झाल्यापासनं आवाज चढवला न्हवता वो त्यांनी कदी."

"मग?"

"मंग रडलं. मला दिसू नये म्हनून त्वांड तिकडं फिरवून. मला दिसतंय ना पर, मला तर दिसतंय." काकींनी पदर नाकाला लावला. "तुज्या दुकानातनं न्हाय का व्हत काय?"

प्रत्येक कामाला रिक्षानं दुकानात येणं काकांना परवडणारं नव्हतं, म्हणून मी एका दुपारी दुकान बंद करून वाडीवर गेले. सेटिंगं पुन्हा उलटीपालटी केली. जुन्या ब्राउझरमध्ये पट्टी बंद करायची जागा शेवटी सापडली, पट्टी घालवली, तर चौकट आता तिथेही होतीच. मधल्या, दुसऱ्या ब्राउझरमध्ये चौकट यायची नाही, पण त्यात टाइप केलेलं कळायचं नाही. एकात टाइप करून दुसऱ्यात चिकटवायचं, असाही प्रयत्न केला. साइट म्हणाली, चिकटवायला परवानगी नाही, काम स्वतः टाइप केलेलं हवं. तीन ब्राउझर, आणि प्रत्येकाला एक एक भोक. काका शेजारी बसून शांतपणे सांगत होते, हे करून बघ, ते करून बघ. चार वाजता त्यांनी स्वतःच लॅपटॉप मिटला.

"चहा घे. तुझं गिऱ्हाईक बाहेर उभं असेल."

मी मुलांना शाळेतून आणायची वेळ झाली म्हणून निघाले. काठीनं वाट तपासत काका बांधापर्यंत मला सोडायला आले. मला तर सगळं दिसत होतं, पण ते पुढे चालत होते.

फेब्रुवारीत चौकट पुन्हा पुन्हा चुकली म्हणून साइटनं काकांचं खातं बंद केलं. 'संशयास्पद हालचाल' असं कारण दिलं होतं. हे मात्र वाचकानं वाचलं. गणराजनं बऱ्याच खटपटी करून खातं परत चालू करून घेतलं आणि मार्चअखेरीस त्याचा फोन आला. आवाजात आनंद होता. "काका, तुमच्या तक्रारीवर काम झालंय! त्या चौकटीत आता कानाचं चिन्ह दिलंय. ते दाबलं की आकडे ऐकू येतात, ते टाइप करायचे. चित्रं नाहीत."

काका आणि काकी दोघेही माझ्या दुकानात आले. काकींनी मला वालाच्या सोललेल्या डाळिंब्या आणल्या होत्या. काकांनी जुना ब्राउझर उघडला, तोच त्यांना जवळचा. चौकट आली. कानाचं चिन्ह वाचकानं वाचलं. दाबल्यावर खरखरीच्या मागून इंग्रजी आकडे ऐकू आले, कुणी तरी पाण्याखालून बोलावं तसे. मला एकही लागला नाही. काका कानावर हात दाबून, डोळे घट्ट मिटून ऐकत होते. पहिल्यांदा चुकलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी आकडे टाइप केले, एंटर दाबलं आणि चौकट निघून गेली.

"गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली!" मी आणि काकी एकदम म्हणालो. काकींनी तर टाळी वाजवली. झेरॉक्सला आलेली एक बाई दचकून आमच्याकडे बघायला लागली.

काका एकदम ताठ बसले. कामाच्या यादीवर गेले, बी दाबत, एच दाबत, भरभर, पूर्वीसारखे. यादी उघडली. वाचकानं त्यांच्या कानात काही तरी सांगितलं. त्यांनी ते पुन्हा ऐकलं. मग वायर काढून त्यांनी आवाज बाहेर सोडला, आम्हालाही ऐकू यावं म्हणून. त्या यंत्राचा वेगही त्यांनी कमी केला.

'सध्या आपल्यासाठी काम उपलब्ध नाही. नवीन व्यवस्थेनुसार प्राथमिक मसुदा एआयद्वारे तयार केला जातो. आवश्यकता भासल्यास आपणास कळवण्यात येईल.'

 काकांनी गणराजला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मला आत्ताच कळतंय. माझीही बदली झाली दुसरीकडे. थांबा थोडं, येईल काही तरी."

"येईल, येईल," काका त्याची समजूत काढत म्हणाले. "तू जेवलास का?"

फोन ठेवल्यावर त्यांनी पान परत एकदा ताजं करून बघितलं. मग आणखी एकदा. काकी उभ्या राहिल्या होत्या, पिशवी हातात घेऊन.   बाहेर त्यांच्या वाडीवरून दिघीकडे जाणारी रिक्षा माणसं भरत होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"दोन शिटा हायत काय रं?" काकींनी शेवटी दारातनं विचारलं.